कागद दोन तोंडांनी ऐकावा

बाई,

तुमच्या वतीने मी जितके अर्ज लिहिले, त्या सर्वांच्या नकला ठेवल्या असत्या तर माझ्या लाकडी पेटीचे झाकण लागले नसते. तुम्हाला उद्देशून मात्र हा पहिलाच मजकूर आहे. सवयीने डाव्या बाजूस 'प्रति' असे लिहिले आणि तिथेच लेखणी थांबली. प्रति कोण आणि मुक्काम कोठे, हे लिहिल्यावाचून कागद पुढे सरकत नाही, असे मी अकोल्याच्या कचेरीबाहेर निंबाखाली बसून सत्तावीस वर्षे लोकांस सांगत आलो. तुमचा आताचा मुक्काम मला ठाऊक नाही. मरणानंतर माणूस कोठे जातो, असे मी तुम्हाला एकदा विचारले होते. तेव्हा तुम्ही म्हणालात, "आमच्यात ते विचारत नाई भाऊ. जिता असताना कुठं कुठं जाऊ देल्लं नाई त्याले, ते विचारतात."

म्हणून 'प्रति' कोरे ठेवले आहे. 'विषय' मात्र पूर्ण लिहितो: मजकूर एक लिहून दुसराच वाचून दाखविल्याबाबत.

तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. तुमचे जन्मगाव मोर्शीकडचे, तुम्ही शाळेत संगीत शिकवीत होता, हे सर्व शोकसभेत सांगून झाले आहे. मला तुम्ही पहिल्यांदा निंबाखाली आलात त्या दुपारपासूनच आरंभ करणे भाग आहे.

तुमच्या काठीचा आवाज फरशीवर आला आणि माझ्या टेबलापाशी थांबला. सोबत कोणी नव्हते.

"अर्जवाले भाऊ तुमीच ना?"

"होय. आपण मला कसे ओळखले?"

"कचेरीत सगळ्याइत मोठा आवाज तुमचा हाय, असं सांगतलं मले."

मी पेन्शनचा कोरा नमुना बाहेर काढला. आंधळ्या बाईचे अर्जनवीसाकडे दुसरे काय काम असणार, असा माझा अनुभव होता. कागदाचा आवाज ऐकून तुम्ही हात आडवा केला. "पेन्शन चालू हाय माही. नाटक मंडळाची नोंदनी कराची हाय."

मी असले प्रकरण पूर्वी लिहिले नव्हते. कोण कोण नाटक करणार, असे विचारले तेव्हा तुम्ही सांगू लागलात. तुम्ही स्वतः. जुन्या शहरात मोर्णा नदीपलीकडे ग्रिल जोडणारा सलीम, ज्याला जन्मापासून ऐकू येत नाही. त्याची थोरली बहीण जुबेदाआपा, पायाला लोखंडी पट्ट्या बांधून चालणारी, शिवणकाम करणारी, मराठी-उर्दू दोन्ही वाचणारी. गजानन, ज्याला एक वाक्य बोलायला इतरांच्या चार वाक्यांइतका वेळ लागतो. आणि दोन धडधाकट, ज्यांची ओळख करून देताना तुम्ही म्हणालात, "याइले काही नाई झालं, पन नाटक येते." एकूण सहा. नोंदणीला सात लागतात, असे मी सांगितले.

"मंग तुमचंच नाव टाका. हात तर लागलाच हाय तुमचा."

संस्थेचा उद्देश काय लिहू, असे मी विचारले. तुम्ही सांगितले, "नाटक करणे व ते चांगले करणे." मी पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिलो. पुढचे वाक्य आलेच नाही.

बाई, माझे शिक्षण आठवीपर्यंतच झाले आहे. तथापि माझ्या मसुद्यातला स्वल्पविरामसुद्धा आजवर कोणत्या साहेबाने हलवलेला नाही. कोणता कागद कोणत्या टेबलावर अडतो, हे मला न पाहता कळते. आंधळे, मुके आणि लंगडे मिळून नाटक करणार, हे वाचून बाबू विचारणार, कशासाठी? त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून मी लिहिले: "अंध, अपंग व निराधार व्यक्तींचे कल्याण करणे व त्यांस साहाय्य मिळवून देणे." आणि कागद हातात धरून स्वच्छ आवाजात वाचले: "नाटक करणे व ते चांगले करणे."

खाली नेहमीचे वाक्य टाकले, जे न वाचता येणाऱ्या प्रत्येकाच्या अर्जाखाली मी टाकतो: वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो बरोबर आहे. तुम्ही पिशवीतून फूटपट्टी काढली, मी दाखवलेल्या जागी ती ठेवली आणि पट्टीच्या काठावर सरळ रेषेत सही केली. नंतर विचारलेत, "एक नक्कल मले देसान का?" मी दिली. आंधळी बाई नक्कल घेऊन काय करणार, असे तेव्हा मनात आले होते. कागद पंधरा दिवसांत पास झाला आणि मला माझ्या हुशारीचा आनंद वाटला.

सदस्य म्हणून मी केवळ कागदावर राहणार होतो. तुम्ही ते चालू दिले नाही. दर रविवारी लाकडाच्या वखारीमागच्या खोलीत तालीम असे आणि दर शनिवारी तुमचा निरोप येई. मी पहिल्यांदा आलो तो केवळ एका प्रश्नापायी. ज्याला ऐकूच येत नाही, तो तालावर नाचतो कसा? सलीम त्या फळ्यांच्या मंचावर अनवाणी उभा होता. तुम्ही ढोलकी मांडीवर न घेता फळीवर टेकवून वाजवीत होता, आणि त्याचे पाऊल अचूक पडत होते. मी म्हटले, हा तुमच्याकडे पाहून पाय टाकत असणार. तुम्ही त्याला पाठमोरा उभा केलात. पाऊल तरीही अचूक पडले.

पुढच्या रविवारी मी लवकर गेलो, कानांत कापसाचे बोळे घातले, जोडे काढले आणि फळीवर उभा राहिलो. तुम्ही आत येताच ढोलकी टेकवली आणि थाप मारली. पायाच्या तळव्यातून ती थाप पोटरीपर्यंत चढली. मी इतका गुंगलो की तुम्ही काय बोलता ते मला कळलेच नाही. कापूस काढल्यावर कळले. तुम्ही म्हणत होता, "अर्जवाले भाऊ, जोडे बाहेर हाय तुमचे, कुत्रं नेईन."

फळीवर मीच आहे, हे तुम्हाला कसे कळले? बाई, हे माझे विचारायचे राहिले. कापूस घातलेला माणूस तर काही बोलत नव्हता.

असे किती तरी राहिले आहे. सतरंजीखाली तुम्ही सुतळी पसरत होता, हे मी विचारून घेतले. पायाला सुतळी लागली की मंचाची कड आली. पण परतवाड्याला प्रयोग झाला तिथल्या सिमेंटच्या ओट्यावर सुतळी नव्हती, आणि तरी तुम्ही काठापासून एक वीत अलीकडे थांबलात.   नंतर विचारले तेव्हा "तिथं हवा बदलते" एवढेच सांगितलेत. हवा बदलते म्हणजे नेमके काय होते? मी त्यानंतर डोळे मिटून कचेरीच्या पायऱ्यांवर प्रयत्न करून पाहिला आहे. मला काहीही बदललेले जाणवले नाही.

आपल्या नाटकांत कचेरीवरचे नाटक सर्वांत जास्त चालले. त्यात तुम्ही माझ्याच अर्जांची वाक्ये घातली होती आणि मला न विचारता घातली होती. गजानन साहेब झाला होता. त्याने एक शब्द उच्चारायला घेतला की प्रेक्षक वाट पाहत. मला भीती होती, लोक चुळबुळ करतील. पहिल्याच प्रयोगात मागून एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "बसा बाप्पा. सायबाचं काम हाय, टाइम लागनारच." सगळा मंडप हसला, गजाननही हसला, आणि त्याने पुढचा शब्द मुद्दाम आणखी लांबवला. घरी जाताना तुम्ही सांगितले की आंधळ्यांच्या शाळेत शिकत असताना तुम्हा मुलांना पाहुण्यांपुढे रांगेत उभे करून एकच एक गाणे म्हणवून घेत. "पाव्हने रडले म्हंजे कार्यक्रम चांगला झाला, असं सर म्हनत. मले त्याइले हासवाचं होतं."  नोंदणीच्या कागदावर मी जे लिहिले होते, ते त्या सरांच्याच तोंडी शोभणारे होते.

आपला वाद असल्या दयेच्या शब्दांवरच होता. मी म्हणत असे, अर्ज दयेच्या दारातूनच आत जातो. दुसऱ्या दाराला बाहेरून कडी असते. सभागृहाला पायऱ्यांशेजारी उतार बांधून मिळावा म्हणून मी लिहिले होते, "आम्ही दुर्दैवी जीव." तुम्ही ऐकून म्हणालात, "दुर्दैवी कवा झाली मी? पायऱ्या त्याइनं बांधल्या, दुर्दैव माहं?" पुढे सरकारी शब्द बदलला, तेव्हा मी सर्व मसुद्यांत 'अपंग' खोडून 'दिव्यांग' केले आणि तुम्हाला कौतुकाने सांगितले. तुम्ही विचारलेत, "पायऱ्या किती हाय तिथं?" नऊ, मी म्हणालो. "तवा किती होत्या?"

परतवाड्याच्या प्रयोगाला तुम्ही मला एक काम दिलेत, जे करण्याची माझी पात्रता आहे असे मी समजत होतो. प्रेक्षकांत काही न दिसणारी मंडळी होती. त्यांच्यामागे बसून मंचावर जे चालले आहे ते हळू आवाजात सांगायचे. तुमचा प्रवेश शेवटी होता, म्हणून तुम्हीही तिथेच बसला होता. पडदा उघडला आणि मी सुरू केले, "रत्नजडित सिंहासनावर महाराज मोठ्या ऐटीत विराजमान झाले आहेत."

"खुर्ची प्लास्टिकची हाय," तुम्ही कुजबुजलात. "करकरली ते आयकू आली मले. जे हाय ते सांगा ना भाऊ. जास्त नाई, कमी नाई."

मी चिडलो. शोभा आणण्यासाठी चार शब्द घालावे लागतात, असे मी म्हटले. तुमच्या पलीकडे बसलेला एक न दिसणारा तरुण म्हणाला, "काका, शोभा आमी घालून घेऊ. तुमी खुर्ची सांगा." त्यानंतर मी ते काम पुन्हा घेतले नाही. तुम्ही दर प्रयोगाला विचारत राहिलात आणि मी दर वेळी कचेरीचे कारण सांगत राहिलो.

आता अमरावतीचे. तिथल्या नाट्यस्पर्धेत उतरायचे, ही तुमची सर्वांत मोठी इच्छा होती. प्रवेशपत्रासोबत नोंदणीचा कागद जोडायचा होता. तो मीच जोडला. उत्तर आले की आपली संस्था कल्याणकारी असल्यामुळे तिला स्पर्धेत घेता येत नाही. तथापि बक्षीस समारंभात स्वागतगीतासाठी आपले हार्दिक स्वागत आहे. तुम्ही गेलात, कारण मंच पाहायचा होता. गीतानंतर प्रत्येकाच्या हाती एकेक ब्लँकेट दिले गेले. तुम्ही माइक शोधला आणि म्हणालात, "आमाले थंडी नाई वाजत. ब्लँकेट नको, पडदा द्या." टाळ्या पडल्या. पडदा मिळाला नाही. सलीम परतीच्या बसमध्ये ब्लँकेट मांडीवर घेऊन बसला होता आणि आपल्या बहिणीला हातांनी पुन्हा पुन्हा एकच प्रश्न विचारत होता. जुबेदाआपांनी मला त्याचा अर्थ सांगितला: आपलं नाटक कधी हाय?

मी तुम्हाला त्या बसमध्ये म्हणालो, अधिकारी असेच असतात. तुम्ही खिडकीकडे तोंड करून म्हणालात, "हो ना भाऊ. कागदावर काय असते, कोन पाहून राह्यलं."

तेव्हा सांगायला हवे होते. मी नाही सांगितले. माझा शब्द कचेरीत चालतो तो केवळ एका गोष्टीवर: मी जे लिहिले तेच वाचतो, असे लोक मानतात. अंगठा उठवणारी म्हातारी माझ्या तोंडाकडे पाहून अंगठा उठवते. ते एकदा मोडले, तर त्या निंबाखाली माझे काय उरते?

आणि दर वर्षी मंडळाच्या स्थापनेच्या दिवशी तुम्ही मला पुढे बोलावीत होता. "अर्जवाले भाऊ आपला उद्देश वाचून दाखवतील." मी तो कागद दोन्ही हातांनी धरायचो आणि जे त्यात नव्हते ते वाचायचो. नाटक करणे व ते चांगले करणे. सलीम हात वर करून हलवायचा, ती त्याची टाळी. नऊ वर्षे मी हा मान समजत होतो. एकदा तर वाचून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "भाऊ, तुमी खरे नट हाय. कागदावर नाई तेबी वाचता तुमी." मी घरी जाऊन हे सांगितले. माझ्या भावपूर्ण वाचनाची ही दाद आहे, असा मी अर्थ लावला होता.

शोकसभा संपल्यावर जुबेदाआपांनी मला थांबवून घेतले. तुमची कापडी पिशवी त्यांच्याजवळ होती; तीत फूटपट्टी होती आणि नोंदणीची नक्कल. नवीन अध्यक्षाचा अर्ज करायचा आहे, असे त्या म्हणाल्या आणि माझ्यासमोर नक्कल उलगडली. मी बोलू लागण्याच्या आत त्यांनीच सांगितले.

"भाऊसाहेब, हे तं बाईले पयल्या हप्त्यातच मालूम होतं."

 मी विचारले, कसे?

"बाई कोनताबी कागद दोन तोंडांनं आयकत. एकानं वाचला की दुसऱ्याले देत. पयल्यानं काय वाचलं ते दुसऱ्याले सांगत नसत. हा मले वाचाले देल्ला. मी वाचला.  मंग म्हने, अजून एक बार वाच."

"मग त्यांनी मला विचारले का नाही?"

"मी म्हटलं, जाऊन भांडा त्याच्याशी. तर म्हने, भांडन कराले एक मिनट लागते. तो माणूस मंडळात हाय आपल्या. पाहू, कवा वाचते बराबर."

बाई, त्या नऊ वर्षांचे काय ते मला त्या क्षणी समजले. दर स्थापनादिवशी तुम्ही मला मान देत नव्हता, संधी देत होता. मी दर वर्षी ती घेतली आणि सभेसमोर ठणठणीत आवाजात वाया घालवली. परतवाड्याला प्लास्टिकची खुर्ची सांगा, म्हणालात तेही आता वेगळे ऐकू येते. परंतु एक गोष्ट मला अजून उमगत नाही आणि ती मी रोज नव्याने उलगडून पाहतो. अमरावतीचे दार तुमच्यासाठी माझ्या एका ओळीमुळे बंद झाले होते. तुम्ही उद्देश बदलण्याचा अर्ज दुसऱ्या कोणाकडूनही लिहून घेऊ शकला असता. आपल्या सर्वांत मोठ्या इच्छेपेक्षा एका अर्जनवीसाचे खरे वाचन तुम्हाला मोठे का वाटले? की ते तुम्हाला एका नाटकासारखेच वाटत होते, ज्यातला नट अजून तयार झाला नव्हता? की तुमचा हिशेब होता की मी एखाद्या वर्षी तरी वाचेनच, आणि तुम्हाला वाटले होते तितका वेळ तुमच्याजवळ उरला नाही? मी तुमच्यावर थोडा रागावलोही आहे. एकदा थेट विचारायचे होते. मी कदाचित खोटे बोललो असतो. परंतु विचारायचे होते.

अमरावतीच्या स्पर्धेची प्रवेशपत्रे याच महिन्यात भरायची आहेत. त्याआधी उद्देश बदलण्याचा ठराव, त्यावर जुन्या सदस्यांच्या सह्या, आणि चूक कशी झाली याचे कारण हवे. अर्ज लिहायला मी काल खोलीत बसलो. जुबेदाआपा म्हणाल्या, "लिहा ना, लेखनदोष झाला म्हणून. कोन विचारते." त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. मीच शेकडो लोकांना असे लिहून दिले आहे. अर्जाची एक प्रत आमच्याच कचेरीत फिरेल, आणि ज्या बाबूंनी माझा स्वल्पविराम हलवला नाही ते सर्व ती वाचतील, हे मला पुरते माहीत होते.

मी लिहिले: "संस्थापिका अध्यक्षांनी सांगितलेला उद्देश मी, सदर संस्थेचा सातवा सदस्य, याने जाणूनबुजून बदलून लिहिला व त्यांस मूळचाच वाचून दाखविला. त्यांना दिसत नव्हते, याचा मी फायदा घेतला. मूळ उद्देश येणेप्रमाणे: नाटक करणे व ते चांगले करणे." त्यात एकही शोभेचा शब्द घातला नाही. 'मेहरबान' नाही, 'कृपावंत होऊन' नाही. सत्तावीस वर्षांत इतका उघडा अर्ज माझ्या हातून गेला नव्हता.

मग तो सर्वांसमोर वाचला. आपा तेवढा वेळ स्वतःहून बाहेर वखारीत जाऊन बसल्या. सलीमला हातांनी सांगणारे कोणी नव्हते, म्हणून तो माझ्या खांद्यामागे उभा राहून कागद पाहत होता. वाचून झाले तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही. गजाननने काही म्हणायला सुरुवात केली आणि आम्ही सर्व थांबलो. त्याने म्हटले, "दुसरं... वाचन."

आपांना आत बोलावले. मी तोच कागद त्यांच्या हाती दिला आणि रिवाजाप्रमाणे बाहेर गेलो. वखारीत भुश्शाचा वास होता. आतून त्यांचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. मी कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला नाही. तुमच्यासारखा भिंतीशी उभा राहून हवा बदलते का, तेवढे पाहत राहिलो. आवाज थांबला. 

मग सलीम दारात आला. त्याने माझ्याकडे पाहून दोन्ही हात वर केले आणि हलवले.

आत तुमची फूटपट्टी टेबलावर ठेवलेली होती. मी ती कागदावर धरून तिच्या काठावर सही केली.

बाई, दोन्ही वाचने जुळली. हा मजकूरही आपांकडेच देत आहे. तुमच्या फोटोसमोर त्या तो वाचतील आणि मी तोपर्यंत बाहेर उभा राहीन. स्पर्धेला मागच्या रांगेत बसून मंच सांगण्याचे काम मी मागून घेतले आहे. खुर्ची प्लास्टिकची असेल तर प्लास्टिकची सांगेन.

आपला,
सातवा सदस्य